नावं ठेवणारं गिऱ्हाईक

माझी बहीण कीर्ती हिनं पाच वर्षं बोंबलातला ओलावा मोजला आणि पीएचडी मिळवली. त्यातून बोंबील वाळवायची एक पेटी तयार झाली. माशी नाही, वाळू नाही, दीड दिवसात माल तयार. पण बाबांनी अट घातली: रविवारपर्यंत दहा पेट्या विक, नाहीतर पुण्याला जाऊन दोन वर्षं बिझनेस शीक.

कीर्तीला परत वर्गात बसायचं नव्हतं, तिला पेट्याच बनवायच्या होत्या. मी एमबीए, बोईसरला पंप विकतो, म्हणून शिकवणी माझ्याकडे आली. "बारा हजार सांगायचे, दहावर यायचं. मालाला नावं ठेवली की ताडकन उत्तर द्यायचं. पडतं घ्यायचं नाही."

रविवारी सातपाटीच्या बंदरावर सुकी मासळी विकणाऱ्या नर्मदामावशी आणि तिच्या बाजारातल्या आठ-दहा जणी पेटीभोवती जमल्या. मावशीच्या जिभेला हाड नाही.

"ही पेटी हाय का कोंबड्यांचं खुराडं?"

"जाळीमुळे दिसतं खरं तसं," कीर्ती म्हणाली आणि तिनं वहीत लिहून घेतलं.

"पावसात सडंल."

"तळ सडू शकतो. तपासलं नाही अजून." पुन्हा वही.

"दार बारीक हाय. माझा हात जायचा नाय."

"हे फार महत्त्वाचं, मावशी! तुमच्या हाताचं माप घेऊ?"

आणि तिनं खरंच टेप काढली. प्रबंधाच्या परीक्षकांपुढे बसावं तशी ती बसली होती. मावशीची पंचाईत झाली. चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई. इतकी नावं ठेवल्यावर समोरून भांडण यायला हवं, इथं आभार येत होते. शेवटी ती भडकलीच.

"अगो, भांड की! मी नावं ठेवते म्हंजे मला घ्यायची हाय! नको असती तर 'छान हाय' बोलून घरी गेले असते. भाव सांग!"

कीर्ती गोंधळली. मी संधी साधली. "बारा हजार!"

"बारा?" कीर्ती माझ्याकडे वळली. "अरे, मला तर ती बनवायला नऊच पडतात."

मी कपाळावर हात मारला.

"नऊ," मावशी म्हणाली. "आम्हा सगळ्यांच्या मिळून दहा पेट्या. दार मोठं करून."

कीर्तीनं मला मिठीच मारली. पुणं टळलं होतं. फायदा किती हवा, हे अटीत घालायला बाबा विसरले. तेही जन्मभर शाळेत विज्ञानच शिकवत होते. तिचा आनंद बघून मला भरून आलं, आणि तिचे कान उपटावेसेही वाटले.

ती बाकीच्या बायकांचे हात मोजायला गेली, तसं मी मावशीला गाठलं. "मावशी, तिला एक रुपया सुटला नाही हो."

"तिला कशाला बोलतोस?" मावशी पदर खोचत म्हणाली. "ती पेट्या बनवायला शिकली, तिनं बनवल्या. इकायला शिकलेला तू ना? मग खरं बोलणारं माणूस बाजारात आणलंस कशाला?"