दुबईचा व्हिसा आणि बदलापूरचं घर

श्रावणी सोमवारी माई दिवेलागणीपर्यंत बोलत नसत. हे मौन लग्नाच्या आधीपासूनचं. सासूबाई गेल्या त्या सोमवारीही ते सुटलं नव्हतं, नुसतेच डोळे वाहिले होते. घरात त्याची इतकी सवय झालेली, की सोमवारी माईंना ऐकूही येत नसावं अशा थाटात माणसं त्यांच्यासमोर बोलत.

त्या सकाळीही तसंच झालं. त्यांचा मुलगा प्रमोद दुबईहून रजेवर आला होता. तिकडे फ्लॅट घ्यायचा, फ्लॅटच्या मालकाला बिल्डर राहण्याचा व्हिसा मिळवून देतो, मग सगळे एकत्र राहू, असं ठरलं होतं. त्यासाठी बदलापूर गावातलं घर विकायला काढलं. आज उल्हासनगरच्या रजिस्ट्रार ऑफिसात त्याचं खरेदीखत व्हायचं होतं.

माई देवापुढे बसून बेलाची पानं पुसत होत्या. शेजारच्या खोलीत सून ऋता म्हणाली, "व्हिसा फक्त आपल्या तिघांनाच मिळणार, हे बाबांना सांगितलंस?"

"आज नको गं. सह्या होऊ देत."

"मग ते राहणार कुठे?"

"वांगणीला भाड्यानं बघतो ना. मधूनमधून फिरायला बोलवू. हळू बोल, माई आहे तिकडे."

"आज सोमवार आहे," ऋता म्हणाली.

माईंच्या हातातलं पान हातातच राहिलं.

रिक्षात माईंचे यजमान चिंतामणराव एकसारखे बोलत होते. "सोहमला शाळेच्या बसपर्यंत सोडायला मी, त्याचा आजोबा, जाणार बरं का. तुझे देवही नेऊ. प्रमोद म्हणतो, चालतं."

माईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि मान जोरजोरात हलवली.

"अगं, घाबरतेस काय? विमानात काही होत नाही," ते हसले. पुढे बसलेला प्रमोदही हसला. माईंनी डोळे मिटून मनात जप सुरू केला. तो पुन्हापुन्हा तुटत होता.

घर घेणारे मोटवानी शेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आले होते. चिंतामणरावांनी सही केली, अंगठा उठवला, कॅमेऱ्यासमोर ताठ बसून फोटो दिला. जागा माईंच्या वडिलांनी दिलेली, त्यामुळे घरावर पहिलं नाव माईंचं होतं. प्रमोदनं त्यांच्या हातात पेन दिलं.

"वाचून दाखवलंय ना सगळं?" रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं. "बाई, घर खुशीनं विकताय ना?"

"साहेब, त्यांचं आज मौन असतं," प्रमोद घाईनं म्हणाला. "मान हलवतील."

"चालेल. हलवा मान."

सगळे माईंकडे बघत होते. लहान मुलाला शिकवावं तशी चिंतामणरावांनी आपलीच मान हलवून दाखवली. माईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"प्रमोद," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला आणि यांना व्हिसा नाही ना रे?"

प्रमोदचा चेहरा उतरला. "माई, घरी बोलू."

"आम्ही वांगणीला राहायचं ना?"

"काय म्हणतेय ही?" चिंतामणरावांचा शाईचा अंगठा तसाच वर राहिला.

"बाबा, तिथला रूलच तसा आहे. मी काय करू? एकदा फ्लॅट झाला की बघू ना काहीतरी."

"बाई," साहेब म्हणाले, "मी तुम्हाला विचारतोय. विकायचंय?"

"नाही."

"अरे प्रमोदभाई, घर पे पूछ के आना था ना!" मोटवानी शेठनी पेढ्यांचा बॉक्स पिशवीत टाकला.

बाहेर चिंतामणराव रुमालानं अंगठा घासत उभे होते. शाई पसरतच चालली होती.

"चारचौघांत मुलाची शोभा केलीस," ते म्हणाले. आवाज मात्र रागाचा नव्हता. "घरी नाही सांगायचं?"

"घरी मला विचारलं कुणी?"

अंगठा रुमालात गुंडाळून चिंतामणराव रिक्षाकडे चालू लागले. माई त्यांच्या मागोमाग निघाल्या. पायरीवर बसून प्रमोद ऋताला फोनवर सांगत होता, "नाही झालं. माई बोलली."