पाण्याची रेघ

त्रिंबक मिस्त्रीने नव्या न्हाणीघराच्या पाणी जायच्या भोकात चिंधीचा बोळा अंगठ्याने दाबून बसवला आणि आत बादलीमागून बादली ओतली. पाणी चार बोटं चढलं तशी त्याने कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर, पाण्याच्या कडेला रेघ मारली.

"उद्या ह्याच वक्ताला बघू. पानी रेघेच्या खाली गेलं तर कुठंतरी मुरलं. न्हाई गेलं तर दुपारपासून फरश्या लावतो."

"अन् भिंती?" साखराबाईंनी विचारलं.

"वॉटरप्रूफचे दोन हात दिलेत, एक उभा, एक आडवा. लई पक्क्या वाळल्यात. त्यांची काळजी सोडा मावशी. फक्त हे पानी कमी हू देऊ नका."

साखराबाईंनी राखणीची जबाबदारी मिळाल्यासारखी मान हलवली. उद्या संध्याकाळी त्यांना आणि नवऱ्याला, आप्पांना, पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर येणार होता. मुलगा माऊली उमापुरातच रिक्षा चालवायचा. हे न्हाणीघर त्याचीच हौस. आईने जाण्याआधी निळ्या फरश्यांच्या न्हाणीत एकदा तरी अंघोळ करावी असं त्याने फार मनावर घेतलं होतं, पण मिस्त्री आणि वाळू कधी वेळेवर येत नसतात. आता उद्या फरश्या लागल्या, तरी दोन दिवस त्यांना पाणी लावायचं नव्हतं. म्हणजे साखराबाईंनी न्हाणी डोळ्यांनी बघून जायची, एवढंच.

दुपारी आप्पा कोयत्यांना धार लावायला गेले, माऊली रिक्षा घेऊन बाहेर पडला. साखराबाई पाणी जागेवर आहे ना, ते बघायला आत शिरल्या. जागेवर होतं. मग दार नीट लागतंय का, तेही बघावं म्हणून त्यांनी ते लोटलं आणि कडी घातली.

एकदम सगळं गप्प झालं. शेजारच्या शेळ्या ओरडत होत्या, त्यासुद्धा दूर गेल्या. झरोक्यातून उन्हाची पट्टी पाण्यावर पडली होती आणि तिचा उजेड करड्या भिंतींवरून, वरच्या स्लॅबवरून हळूहळू हलत होता. विहिरीच्या तळाशी उभं राहावं तसं त्यांना वाटलं, पण भीती अजिबात वाटली नाही.

तीस वर्षं साखराबाई उसाच्या फडावर न्हात आल्या होत्या. चार ऊस रोवायचे, त्यांना जुनं लुगडं गुंडाळायचं, उजाडायच्या आत अंगावरच्या लुगड्यासकट पाणी घ्यायचं आणि कान बाहेरच्या पावलांकडे ठेवायचे. अंग असं पुरतं कधी भिजलंच नव्हतं.

मिस्त्री म्हणाला होता, पाणी कमी होऊ द्यायचं नाही. वाढवू नका, असं कुठे म्हणाला होता? हा हिशेब त्यांना इतका बिनतोड वाटला, की त्यांनी बाहेरच्या टाकीतून बादली भरून आणली, साबण आणला आणि कडी पुन्हा घातली.

डोक्यावरून पाणी आलं, पाठीवरून गेलं आणि पायाशीच राहिलं. त्यांनी केस मोकळे सोडले. आपले हात, आपले खांदे भर उजेडात त्या पहिल्यांदाच बघत होत्या. भिंतींवरचा उजेड जोरात हलायला लागला. बादली संपली की त्या लुगडं गुंडाळून दुसरी आणायच्या आणि परत त्या उजेडात शिरायच्या. कुणी हाक मारली नाही, कुणी खाकरलं नाही. बाई सुखी होती, दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबक वाकला आणि वाकलेलाच राहिला. रेघ पाण्याखाली दोन बोटं बुडाली होती.

"मुरलं न्हाई, म्हंजे झालं की," माऊली म्हणाला.

"पानी वाढतं कसं बे? वरून स्लॅब गळतो का काय?"

त्याने वर पाहिलं. स्लॅब कोरडा होता. मग त्याने पाण्यात बोटं बुडवून एकमेकांवर चोळली. बोटं बुळबुळीत लागली. त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. साखराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या आणि त्यांचे न्हालेले केस भुरभुरत होते.

"मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "किती बादल्या? तेवढं वजा करून बघतो."

त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं.

"मोजल्या न्हाईत."

माऊलीला मात्र फरश्यांचंच पडलं होतं.

"म्हंजे आता?"

"म्हंजे पुन्ना एक दिस पानी कोंडायचं. फरश्या उद्या."

"माझ्या मायला फरश्या दिसायच्याच न्हाईत मग."

"न दिसू दे," साखराबाई म्हणाल्या.

माऊली चडफडत रिक्षाकडे निघाला. जाता जाता थांबला.

"मिस्त्री, नवी रेघ तरी मारून ठिवा आत्ता."

त्रिंबकने पेन्सिल काढली. पाण्याकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं आणि ती परत कानावर ठेवली.

"रेघ ट्रॅक्टर गेल्यावर मारतो," तो म्हणाला आणि न्हाणीघराचं दार ओढून घेऊन निघून गेला.