बर्मुडा ऊर्फ हरळी

घनश्यामरावांनी उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून द्वेष केला, आणि ती म्हणजे हरळी. भाऊबंदांशी त्यांचं पटलं, तलाठ्याशी पटलं, रानडुकरांशीही त्यांनी जमेल तितकं जमवून घेतलं. पण हरळीची एक काडी वावरात दिसली की त्यांना घास गोड लागत नसे. भर उन्हाळ्यात कुदळ घेऊन ते तिच्या मुळामागं हातभर खोल जात, एकेक पेर वेचत, धुऱ्यावर म्हणजे बांधावर वाळवत आणि वरून काडी लावत. दारव्ह्याच्या बाजारात त्यांची ओळख कापसावरून नव्हती. ज्याच्या वावरात हरळी नाही तो घनश्याम, अशी होती.

अशा माणसाच्या पुढ्यात म्हातारपणी काय वाढून ठेवलं होतं, ते पाहा.

त्यांचा मुलगा बंटी याचं दारव्ह्यात कृषी केंद्र. बियाणं, खतं, औषधं, सगळं एका छताखाली. दुकान बरं चाललं तसा त्यानं दारव्ह्याबाहेर प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये बंगला बांधला, वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं आणि वडिलांना गावाहून बंगल्यात आणून ठेवलं. बंगल्यापुढं चांगली ऐसपैस जागा होती. घनश्यामरावांनी तिथं मनातल्या मनात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि दोन पपया लावूनही टाकल्या होत्या. पण सूनबाई अपेक्षाला लॉन हवं होतं. लेआउटमधल्या सगळ्या चांगल्या घरांपुढं लॉन होतं. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा. कृषी केंद्रवाल्याच्याच दारात नुसती धूळ उडावी, हे दिसायला बरं नाही.

यवतमाळहून नर्सरीवाला आला. त्यानं जागा पाहिली, मग डोळ्यांवर हात धरून वर उन्हाकडे पाहिलं.

"मखमली गवत तुमच्याकडे टिकणार नाही," तो म्हणाला. "मे महिन्यात त्याचा पापड होतो. तुम्ही बर्मुडा लावा."

"बर्मुडा तं बंटी घालते घरात," घनश्यामराव म्हणाले.

नर्सरीवाला हसला. अपेक्षा हसली नाही.

दिवाळी सरल्यावर टेम्पोतून गवताच्या गुंडाळलेल्या चादरी आल्या. पहिली चादर उलगडली तशी घनश्यामराव गुडघे सांभाळत खाली बसले. एक काडी उपसली, तिची पेरं पाहिली, दाताखाली धरून चावली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"अपेक्षा, हे तं हरयी हाय."

"मामाजी, बर्मुडा आहे तो."

"नाव काईबी ठिव बाई. हरयीच हाय हे! हिच्यापायी माह्या बापाची कंबर मोडली, माही मोडली. अन् तुमी हिले गाडीभाडं देऊन घरी आनली?"

हरळी दारात आली ती आली. पण ती सांभाळायची कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एकदम घनश्यामरावांकडे पाहिलं. घरात रिकामा माणूस एकच होता. नर्सरीवाल्यानं नेम घालून दिला: ऊन चढायच्या आत पाणी, ऊन उतरल्यावर पाणी, मे महिन्यात वरून हिरवी जाळी, आणि उन्हाळाभर गवत फार बुडाशी कापायचं नाही. घनश्यामरावांनी हे सगळं वैऱ्याची शुश्रूषा करावी तसं दात-ओठ खात केलं, पण चोख केलं. काम हाती घेतलं की ते वाईट करणं त्यांना जमतच नसे. एप्रिलमध्ये लेआउटमधली बाकीची लॉनं तपकिरी पडली आणि यांचं तेवढं हिरवं राहिलं, तेव्हा शेजारणी फाटकाशी थांबून अपेक्षाचं कौतुक करू लागल्या. घनश्यामराव जाळीखाली ओणवे होऊन ऐकत. त्यांना लाज वाटे, आणि खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटे.

त्यांना खरं खुपत होतं ते दुसरंच. किसनराव त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. गेल्या हंगामात त्यांनी बंटीच्या दुकानातून तणनाशक नेलं, धुऱ्यावरच्या हरळीवर मारलं, आणि हरळी जशीच्या तशी राहिली. भर बाजारात, चहाच्या टपरीवर किसनराव म्हणाले होते, "घनश्याम, तुह्या पोराचं औषध म्हनजे निरं पानी हाय."

घनश्यामरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "औषधाले कायले नाव ठेवतं बे? नाल्यातलं गढूळ पानी घेतलं असन तुनं. गढूळ पान्यात औषध मरते, हे बी ठाव नाही तुले? हरयी माराले हात लागते, हात!"

टपरी हसली. किसनरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आपण पोराची बाजू राखली, असं घनश्यामराव स्वतःला समजावत होते.

जून लागला. बंटीची मुलगी गुंजन हिचा पहिला वाढदिवस लॉनवर करायचं ठरलं. पेरणीच्या तोंडावर दुकानाची चार गिऱ्हाइकंही बोलवावी, असा बंटीचा हिशोब होता. अपेक्षाला गवत जरा निस्तेज वाटलं. नर्सरीवाल्यानं फोनवर टॉनिक फवारायला सांगितलं. बंटीनं डबा आणून जिन्याखालच्या खोलीत ठेवला, जिथं दुकानात न मावलेला मालही रचलेला होता. घनश्यामरावांनी सकाळीच पंप पाठीला लावला आणि कोपरान् कोपरा नीट भिजवला.

नळावर पंप धुताना त्यांनी डबा चष्म्याजवळ आणला. त्यावर वाळलेल्या गवताचं चित्र होतं आणि चित्रावर लाल फुली होती.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टॉनिकचा डबा खोलीत तसाच होता. त्यांनी नातीच्या वाढदिवसाच्या लॉनवर तणनाशक मारलं होतं, आणि तेही अगदी मन लावून.

सांगायचं कोणाला? अपेक्षानं पाहुण्यांना फोन केले होते, मंडपवाल्याला नको म्हटलं होतं. बंटी म्हणाला असता, बाबांना आता दिसत नाही. घनश्यामराव गप्प बसले आणि वाट पाहू लागले. आधी शेंडे पिवळे पडतील, मग पातं, मग सगळं वाळेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. पहाटे उठून ते लॉनवर वाकत. शेंडे हिरवे होते. दुसऱ्या दिवशीही हिरवेच, तिसऱ्या दिवशी तर जरा जास्तच. त्यांचा जीव भांड्यात पडला. देवघरात त्यांनी चार उदबत्त्या लावल्या.

उदबत्त्या विझायच्या आत त्यांना किसनरावांनी टपरीवर टाकलेला अर्धा चहा आठवला.

मग मात्र त्यांना चैन पडेना. आठवडा होत आला तशी गंमतच झाली. आधी लॉन मरू नये म्हणून देवाला हात जोडणारा माणूस आता हरळीपुढं उकिडवा बसून विनवू लागला, "पिवळी पड, माय. एक तं पातं पिवळं पड." हरळीनं आयुष्यभर त्यांचं ऐकलं नव्हतं. आताही ऐकलं नाही.

शेवटी त्यांनी फाटकाजवळच्या कोपऱ्यात पुन्हा फवारणी केली. तसल्याच नव्या डब्याचं सील स्वतः तोडलं, पाणी पिण्याच्या माठातलं घेतलं, औषध दुप्पट घातलं. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो कोपरा सगळ्यांत तजेलदार दिसत होता.

बंटी ओसरीत फुगे फुगवत होता. घनश्यामराव त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"बंटी, माह्यानं चूक झाली. टॉनिक समजून मी तणनाशक मारलं लॉनवर."

बंटीच्या हातातला फुगा फुस्स झाला. "कोणतं? लाल झाकणाचा डबा?"

"हो."

"हात्तिच्या!" बंटी मोकळेपणानं हसला. "टेन्शन नका घेऊ बाबा. त्यानं काही होत नाही."

हसून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्यानं दुसरा फुगा घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"वरूनच तसा माल येते," तो म्हणाला. "सगळेच विकतात. अन् मानसाले तं अपाय नाही ना त्याचा."

"किसननं नेल्लं, ते हेच?"

"किसनकाकाचं काय घेऊन बसले तुम्ही!"

घनश्यामरावांना पोटातून वाईट वाटलं. पोराचा राग यावा तितका येईना. राग टपरीवर ‘हात लागते, हात’ म्हणून मिरवणाऱ्या स्वतःचाच येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जीपनं गावाकडे गेले, किसनरावांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नातीचा वाढदिवस हाय. तू आलाच पाह्यजे." किसनरावांनी थोडे आढेवेढे घेतले, मग धुतलेला सदरा काढला.

संध्याकाळी लॉन माणसांनी भरलं. किसनरावांनी काठावर चपला काढल्या, गवतावर पाय ठेवला आणि थबकले. वाकून एक काडी उपसली.

"घनश्याम! हे तं हरयी हाय बे! तुह्या दारात?" ते मोठ्यानं हसले. आजूबाजूचे शेतकरी वळून पाहू लागले. "अन् ह्या उन्हात इतकी हिरवी? काय फवारतं तरी काय हिच्यावर?"

केकच्या टेबलाशी उभ्या बंटीनं वडिलांकडे पाहिलं. नजरेनंच नको म्हणाला. घनश्यामरावांनी ते पाहिलं, जिन्याखालच्या खोलीत गेले आणि लाल झाकणाचा डबा आणून किसनरावांच्या हातात दिला.

"हे," ते म्हणाले. "दोनदा मारलं. कोपऱ्यात तं दुप्पट."

किसनरावांनी डबा ओळखला. त्यांनी चित्र पाहिलं, फुली पाहिली, मग पायाखालचं गवत पाहिलं. एक शेतकरी खाली बसला आणि पातं चाचपू लागला. मग दुसरा बसला, मग आणखी दोघं. सगळी बंटीची गिऱ्हाइकं होती. दुरून अपेक्षानं ते पाहिलं आणि हरखून जवळ आली.

"सगळं मामाजींनीच सांभाळलंय," ती म्हणाली.

किसनरावांनी बंटीकडे पाहिलं. त्याच्या कडेवर टोपी घातलेली गुंजन होती. त्यांनी डब्याचं चित्र आपल्या पोटाकडे वळवून धरलं.

"पानी गढूळ घेतलं असन तुनं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

किसनरावांनी सुटायला वाट करून दिली होती. घनश्यामरावांनी नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही किसन," ते म्हणाले. "पानी साफ होतं. तुहंबी साफच होतं."