सहावे पान, सातवे पान

"बाई, तुम्ही बाहेर थांबा. आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नसते," डॉक्टर म्हणाले आणि ठिपक्यांचे पुस्तक त्यांनी बाईंच्या हातातून काढून घेतले.

बाई बाहेर बाकावर येऊन बसल्या. दार अर्धवट उघडेच राहिले होते. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांची तपासणी त्या या दवाखान्यात बावीस वर्षे करत होत्या. आज पहिल्यांदाच त्यांना उमेदवाराच्या आईसारखे बाकावर बसावे लागले होते. आत खुर्चीवर त्यांचा मुलगा होता. गल्लीत त्याला चौथ्या वर्षापासून पायलट म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग कौतुकाने म्हणू लागले. बारावीला भौतिक आणि गणितात तो पहिला आला, प्रवेशाची लेखी परीक्षा झाली, उड्डाणशाळेत जागाही मिळाली. पुढे दोनशे तासांचे उड्डाण, मग परवाना. मध्ये उरली होती ती ही एक तपासणी.

"आकडा दिसला तर आकडा सांगायचा. नाही दिसला तर नाही दिसला म्हणायचं. अंदाज बांधायचा नाही," आतून डॉक्टरांचा आवाज आला. हे वाक्य बाईंचे होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना ते फारच कडक वाटले.

रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे, एवढेच काम. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला ते दिसत नाहीत, आणि ज्याला दिसत नाहीत त्याला कॉकपिटचे दार बंद. पुस्तक म्हणजे कड्यांत अडकवलेली सुटी पाने. उन्हाने रंग उडू नयेत म्हणून ते कपाटात ठेवायचे आणि रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचे. डॉक्टर थट्टेने म्हणत, "घरच्या आरशालाही बाई एवढं जपत नसतील." आणि आज नेमके तेच पुस्तक पुसताना त्यांच्या हातातून निसटले, कडी उघडली, पाने फरशीवर पसरली. त्यांनी ती घाईघाईने गोळा करून लावली होती.

"बारा," मुलगा म्हणाला. "आठ. एकोणतीस. पाच. तीन. पंधरा. चौऱ्याहत्तर..."

पाढे म्हणावेत तसा तो म्हणत गेला. बाकावर बाईंचे ओठही त्याच्याबरोबर हलत होते. शेवटचा आकडा झाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते पदराने नव्हे, त्या मऊ फडक्यानेच पुसले.

डॉक्टर हसतच बाहेर आले. "घारीचे डोळे आहेत तुमच्या पायलटचे! एक आकडा चुकला नाही. चहा घेऊन येतो आणि सही करतो."

बाई आत गेल्या. टेबलावर तपासणीचा कागद होता, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. मुलगा खिडकीपाशी उभा राहून मित्राला फोन लावत होता. सवयीने त्यांनी पुस्तक बंद करायला घेतले, पाने सरळ केली आणि त्यांचा हात थांबला.

सहाव्या जागी चौऱ्याहत्तर होता. सातव्या जागी पंधरा.

सकाळच्या घाईत दोन पाने उलट क्रमाने लागली होती. पण मुलाने आधी पंधरा म्हटले होते, मग चौऱ्याहत्तर. आणि डॉक्टरांनी पुस्तकाकडे न बघता, तीस वर्षे पाठ झालेल्या क्रमाने कागदावर खुणा केल्या होत्या. दोघांनीही पाठांतर केले होते. पान कुणीच पाहिले नव्हते.

बाईंच्या हाताला बावीस वर्षांची सवय. त्यांनी कडी उघडली, दोन्ही पाने जागच्या जागी लावली, कडी मिटली. खट् असा आवाज झाला आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की आता पुरावाही उरला नाही. फक्त तोंड मिटून बसायचे होते.

हे पाठांतर आले कुठून, ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पंधरा वर्षांपूर्वी नवे पुस्तक आले तेव्हा जुने त्यांनीच घरी नेले होते. पोराला मांडीवर घेऊन त्या पाने उलटत, आकडे म्हणत, तोही म्हणे. आलेगेले थक्क होत. आणि बाईंचे वडील? बागेतले कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून तोडून आणायचे, घरभर हसू व्हायचे. हा दोष आजोबांकडून आईच्या वाटेने नातवाकडे येतो, आईला स्वतःला मात्र सगळे रंग दिसतात, हे त्या शिकाऊ मुलींना फळ्यावर आकृती काढून समजावत असत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आज सकाळीसुद्धा पोरगा "साधा करडा शर्ट घालतो" म्हणाला आणि फिका गुलाबी घालून बाहेर आला. बाईंना वाटले, ऐन वेळी विचार बदलला असेल.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. "घरातलं ते जुनं पुस्तक आठवतं तुला?"

त्याने फोन ठेवला. तोंडावरचे हसू तेवढे उतरायचे राहिले.

"कधीपासून माहीत आहे?"

"सातवीपासून. नकाशा रंगवताना सगळी पोरं हसली. मग मी खडूंवरची नावं वाचून रंगवायला लागलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी आकडे म्हटले की तू टाळ्या वाजवायचीस, आई."

बाई खुर्चीवर बसल्या. उमेदवाराच्या खुर्चीवर.

"कुणाला कळणार आहे?" तो जवळ आला. "हवामान, दिशा, यंत्रं, सगळं येतं मला. वर्गात पहिला आहे मी. विमानात कुणी ठिपके वाचतं का?"

"उतरताना धावपट्टीशेजारी चार दिवे असतात, हे मला कुणी शिकवलं? दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उंची बरोबर. चारही लाल झाले तर विमान फार खाली आलं."

"लाल आणि पांढरं कळतं मला."

"धुक्यात?"

त्याने फोन खिशात टाकला.

"विमानतळाच्या मनोऱ्याने लाल दिवा दाखवला की हिरवा, हे कुणाला विचारशील? मागे बसलेल्यांना?"

"आई, तू फक्त गप्प बस. तेवढंच कर माझ्यासाठी."

इकडे आड, तिकडे विहीर. बाईंना वाटले, याला जन्मात कधी काही नाही म्हटले नाही, आणि नाही म्हणायची वेळ आली ती नेमकी इथे.

जिन्यात डॉक्टरांच्या चपला वाजल्या. ते आत आले, खिशातून पेन काढले.

"डॉक्टर, थांबा. पानं मिसळून पुन्हा एकदा घ्या."

"अहो, सगळं बरोबर आलंय की!"

"म्हणूनच. सकाळी माझ्या हातून पुस्तक पडलं होतं. सहावं आणि सातवं पान उलट क्रमाने लागलं होतं. तरी बरोबर आलं."

डॉक्टर कागदावरच्या स्वतःच्या खुणांकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावले. "तुम्हीच घ्या बाई. मी शेजारी बसतो. आज माझाच माझ्यावर भरवसा नाही."

मुलगा खुर्चीवर बसला. बाईंनी पाने मिसळली, सर्वांना दिसते ते पहिले पान तेवढे जागेवर ठेवले.

"आकडा दिसला तर..." त्यांनी पान सरळ केले. मग वाक्य शेवटपर्यंत म्हटले.

"बारा."

पान उलटले.

तो ओठ हलवत वाकला. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. मग त्याने पानावरून नजर उचलून आईकडे पाहिले.

"नाही दिसला."

"पुढचं."

"नाही दिसला."

तीन पाने झाल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "पुरे आता, बाई." पण कुणाचीही तपासणी बाईंनी कधी अर्धी सोडली नव्हती. त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या, आणि तोही प्रत्येक पानाला उत्तर देत गेला.

नंतर त्या त्याला दारापर्यंत सोडायला आल्या. तो एक पायरी उतरला आणि थांबला.

"आई, हा शर्ट करडा नाहीये ना?"

"नाही रे. गुलाबी आहे. फिका गुलाबी."

त्याने बाही उन्हात धरली, उलटसुलट करून पाहिली.

"शोभतो का मला?"

"शोभतो," बाई म्हणाल्या.

त्याने बाहीचे बटण नीट लावले आणि तो उरलेल्या पायऱ्या उतरला.