हळदीचा डाग असलेला पासपोर्ट

मित्रांनो, मी रसिकाचा जुना पासपोर्ट. रद्द झालेला, एक कोपरा कापलेला. मुक्काम मोहने, लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली.

मी पोस्टाने आलो त्या दिवशी रसिकाच्या आईने, शेवंतीबाईंनी, मला देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. बोट ओलं होतं आणि टेकलं थेट पहिल्या कोऱ्या पानावर. तो पिवळा डाग पुढे विमानतळावरचे साहेबलोक अंगठ्याने घासून बघायचे. मी मात्र तो मिरवायचो.

रसिका नर्स. नोकरी लागली उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या भागात. तिच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर एकाच गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या होत्या. एक स्वतःला ब्रिटिश म्हणवायची, दुसरी आयरिश. ब्रिटन नुकतंच युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं, आणि उत्तर आयर्लंड व दक्षिणेचा स्वतंत्र आयर्लंड देश एक व्हावेत की नाही, यावरून दोघी चहा गार होईपर्यंत भांडायच्या.

तिथल्या सरहद्दीवर फाटक नाही, पोलीस नाही. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा पिवळा होतो, एवढंच. पण माझ्यात दक्षिणेचा व्हिसा नव्हता. रसिकाची मुलगी प्राप्ती तिथेच जन्मलेली, तिच्याकडे ब्रिटिश आणि आयरिश, दोन्ही पासपोर्ट. तिची पोहण्याची स्पर्धा पलीकडच्या गावात होती, अर्ध्या तासावर. मुलगी पोहत होती तेव्हा आई अलीकडच्या बसथांब्यावर बसून होती. मी तिच्या पर्समध्ये होतो. मला फार अपराधी वाटलं.

त्याच आठवड्यात तिने स्पीकरवर घरी फोन लावला.

"बाबा, मी ब्रिटिश पासपोर्ट घेतेय. त्यावर पलीकडे जायला व्हिसा लागत नाही."

"अगं, तिकडच्यांचंच ठरत नाहीये आपण कुठले ते!" गुणाजी म्हणाले. "आणि तू आपला देश सोडून मोकळी?"

"दोन्ही ठेवायला आपल्याकडे चालत नाही ना. प्राप्ती दुसरी आली, बाबा. मी बघायलाच नव्हते."



पुढे भारतीय वकिलातीच्या एका खिडकीत माझा कोपरा कापला, रद्दचा शिक्का बसला. दुखलं नाही. त्यानंतर मला फारसं काही वाटतच नाही.

यंदा दिवाळीला रसिका मला इथे ठेवायला घेऊन आली. परत निघताना शेवंतीबाई हळदीचं बोट घेऊन तिच्या नव्या पासपोर्टाकडे वळल्या. रसिकाने हात मागे घेतला.

"आई, नको. डाग पडेल."

रसिकाचा चेहरा उतरला, पण पासपोर्ट तिने पुढे केला नाही. शेवंतीबाईंनी कपाट उघडलं आणि ते बोट माझ्या त्याच पानावर टेकवलं. मला आता कुठेच जायचं नव्हतं.

मित्रांनो, कुणाचा जीव दोन ठिकाणी असेल, तर "तू नक्की कुठला?" हे जरा जपून विचारा. रसिका सहा महिन्यांनी येईल, पंधरा दिवस राहील. या घरात आता पाहुणी ती आहे, आणि घरचा मी.