कोबाल्टची खोली

वेळ संपल्याची घंटी वाजली, तरी दारावरचा लाल दिवा काही विझेना.

आत टेबलावर एक आजोबा निजलेले. कर्करोगावर किरण द्यायचं ते यंत्र. त्याच्या पोटातला कोबाल्टचा तुकडा काम झालं की आपणहून शिशाच्या कवचात परत जायचा. आज तो मधेच अडकला होता. किरण चालूच होते.

बाहेर दोघंच होते. एक तंत्रज्ञ, ज्यांना सगळं रुग्णालय मास्तर म्हणे, आणि दुसऱ्या तिथल्या नर्स ताई. नव्यांना किरणांचं शास्त्र मास्तरच शिकवत. "कोबाल्टचे अणू आपोआप फुटत राहतात," ते सांगत. "पाच वर्षं आणि वर थोडे महिने, की निम्मे संपले. पण नेमका कोणता कधी फुटेल, ते कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही." सगळे हसत. यंत्र अडकलं तर आत तंत्रज्ञाने जायचं, ही सूचनाही त्यांनीच लिहून भिंतीवर लावली होती.

मास्तरांनी तातडीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आतलं दाखवणाऱ्या पडद्यावर आजोबा हात हलवू लागले.

"मास्तर, चला ना! घाबरलेत ते."

"थांबा, आत किती सेकंद काढता येतील, ते गणित..."

"तुम्ही गणित करा. मी आणते त्यांना."

जड दार ढकलून ताई आत गेल्या. मास्तर दारापर्यंत आले आणि तिथेच खिळले. आत काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या माहितीनेच त्यांचे पाय जखडून ठेवले. ताई आजोबांना खांद्याचा आधार देत बाहेर आल्या. धापा टाकत हसल्या. "झालं की! केवढा चेहरा केलात."

अंगावर किती किरण पडले ते टिपणाऱ्या, छातीवरच्या बिल्ल्यांची मोजणी आली. ताईंचा आकडा मर्यादेच्या आत होता. मास्तरांचा बिल्ला कोरा. ताईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

बारा वर्षांनी ताई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. एक दिवस त्यांनी न्हाणीघरातल्या गीझरच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. बायकोने विचारलं, तर म्हणाले, "डोळ्यांना त्रास होतो." दुपारी डोळा लागला की दचकून उठत आणि घरातली सगळी दारं उघडी आहेत ना, ते बघून येत.

मग एका सकाळी ताईंची मुलगी आली.

"काका, एकच विचारायचंय. आईला ते त्या दिवसामुळे झालं का?"

मास्तरांचा आवाज वर्गात शिकवतानाचा झाला. "मात्रा थोडी होती. थोड्या मात्रेने धोका थोडाच वाढतो. हा आजार किरणांशिवायही होतो. तुझ्या आईला कशाने झाला, हे कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही."

"तसंच."

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. "असू दे. आई म्हणायची, एकटीला जमलंच नसतं. मास्तरांनी पलीकडून धरलं, म्हणून आजोबा उठले."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी आत गेलोच नव्हतो," ते म्हणाले. "जायचं काम माझं होतं. मी दारात उभा राहिलो. तुझी आई एकटी गेली."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग होता, मग आणखी काहीतरी आलं.

"आजोबा अंगाने कसे होते?"

"चांगले धिप्पाड."

"आणि तिने एकटीने उठवलं?"

"एकटीने."

तिने पिशवी जमिनीवर ठेवली. पुन्हा बसली.

"पहिल्यापासून सांगा. सगळं. तिच्या पायात काय होतं, तिथपासून."

मास्तरांना आठवावं लागलं नाही.

"पांढरे बूट," ते म्हणाले. "डाव्याची नाडी सुटली होती."