खर्रा लेकाचा, नस मायची

लोकेशने खर्रा सोडायची शपथ आतापर्यंत चार वेळा घेतली होती, आणि चारही वेळा मनापासून घेतली होती. रंभाचं डोकं फिरायचं ते यानेच. पोरगा खोटारडा असता, तर खोटारडा म्हणून तिने हात तरी झटकले असते. पण हा दहावीतला दांडगा पोरगा आईच्या गळ्याला हात लावून रडायचा, दोन दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याची पॅन्ट धुताना खिशात पन्नी सापडायची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा भरून रबर लावलेली प्लास्टिकची पन्नी. ती वास घेऊनच सांगायची, आजची की कालची.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? शिव्या देऊन झाल्या. देवापुढे नारळ फोडून झाला. पानठेल्यावर जाऊन सांगितलं, "माह्या पोराले देऊ नोको." ठेलेवाला हो म्हणाला, आणि त्या दिवसापासून लोकेशचे दोस्त त्याच्यासाठी आणायला लागले. नवरा लटारू याने एकदा कानाखाली वाजवली, आपलं काम संपलं असं मानलं आणि धानाच्या बांधीवर निघून गेला. तेव्हापासून सगळं रंभाच्याच गळ्यात.

रंभा लोकेशच्याच, गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. एके दिवशी तिथे नर्सबाई तपासणीला आल्या. प्रत्येक पोराला त्यांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. पोरं हसत होती, बोटं घालत होती. लोकेशची दोनच गेली. तिसरं बोट ओठावरच अडलं. रंभाच्या हातातला झारा तसाच राहिला. पोरगा महिनाभर चटणी खात नव्हता, भाताचे घास बारीक बारीक घेत होता, आणि ती म्हणत होती, "नखरे कमी कर." आता कळलं की तिखटाने त्याचं तोंड जळत होतं.

मंगळवारी जीप पकडून दोघं ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गालाच्या आतली कातडी आखडत चालली आहे. खर्रा आजच्या आज बंद. रोज तोंड उघडायचा व्यायाम. नाहीतर पुढे कॅन्सरची भीती. मग व्यसन सोडवायच्या खोलीत पाठवलं. तिथे दिनेशभाऊ नावाचा समुपदेशक होता. शांत माणूस. त्याच्या शांतपणाचाच रंभाला आधी राग आला.

"भाऊ, याले चांगला भेव दाखवा," ती म्हणाली. "माह्यं ऐकत नाई."

"भेव त याले आधीच लागला आहे, बाई." मग तो लोकेशकडे वळला. "तुले काय वाटते, तू काऊन खातो?"

लोकेश नखं खरवडत म्हणाला, "नाई खाल्ला त डोकं दुखते. कोणावरबी चिडतो. अभ्यास होत नाई. खाल्ला की बरं वाटते."

"ते बरं वाटणं समजून घे. तुह्या डोक्याले तंबाखूची सवय लागली. दर दोन-तीन घंट्यानं ते मागते. नाई भेटली त चिडचिड होते. म्हणजे बिघडवते तंबाखू, आन् थोडं सुधरवून देतेबी तंबाखूच. म्हणून तुले वाटते, हाच आपला दोस्त. तू वाईट पोरगा आहे म्हणून शपथ मोडत नाई. पण निस्त्या शपथेनं हे सुटतबी नाई."

रंभाला हे अजिबात पटलं नाही. आधीच ऐकत नाही, त्यात हा माणूस त्याला मोकळीक देतो आहे.

"घरी आणखी कोणाले सवय आहे काय?" दिनेशने विचारलं.

"कोणालेच नाई," रंभा म्हणाली.

"माय नस घासते," लोकेश म्हणाला.

नस म्हणजे जाळलेल्या तंबाखूची काळी भुकटी. रंभा लग्नाआधीपासून ती दातांना घासत होती. "ते दातासाठी," ती तटकन म्हणाली. "खर्रा येगळा, नस येगळी."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. जेवल्यावर. मंग संध्याकाळी." ती अडखळली. "कधी दुपारीबी."

"येवढे येळा दात घासते माय," लोकेश म्हणाला. दिनेश हसला नाही. त्याने पुढच्या मंगळवारच्या चिठ्ठीवर दोघांचीही नावं लिहिली.

परतीच्या जीपमध्ये रंभा धुमसत होती. दिवसभराचा खाडा करून आपण पोराला सुधरवायला आणायचं, आणि त्या चिठ्ठीवर आपलंच नाव. गावात उतरताच तिने कमरेची नसची डबी काढली आणि नाल्यात फेकली. "पाह्य," ती लोकेशला म्हणाली. "सोडाची म्हटलं की अशी सोडतेत."

पहिला दिवस जोरात गेला. दुसऱ्या दिवशी डोक्यात घण पडायला लागले. शाळेतली खिचडी खाली लागली आणि मुख्याध्यापक काही बोलायच्या आत तीच त्यांच्यावर खेकसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे पाय आपोआप शेजारच्या ठमाबाईच्या घराकडे वळले. गोठ्यामागे उभी राहून ठमाबाईच्या डबीतली चिमूट तिने दाताला लावली. डोळे मिटले. उघडले, तेव्हा समोर लोकेश उभा होता.

तो हसेल, असं तिला वाटलं. हसला असता तर तिने त्याला तिथेच झोडपलं असतं. पण तो नुसता बघत होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"मले वाटलं तुले जमन," तो म्हणाला. "तुले जमलं असतं त मलेबी जमलं असतं."

रंभा शेणाच्या पाटीशेजारी मटकन बसली. तिला पोराचा राग आला, स्वतःचा आला, ठमाबाईचा आला, त्या दिनेशचा तर फारच आला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी यासाठी आलीच नोयती. पाखडाचं सूप मागाले आलती. हात कसा गेला, मलेच समजलं नाई."

"माह्यंबी असंच होते," लोकेश तिच्या शेजारी बसला. "शाळेतून घरी याले निंगतो, आन् ठेल्यावर उभा असतो."

माय-लेक एवढा वेळ एकमेकांशी कितीतरी महिन्यांनी बोलत होती. तलफ कधी येते, कुठे येते, हे त्याने सांगितलं. दिनेशने त्याला सांगितलं होतं की ती पाच-दहा मिनिटं जोरात असते, मग उतरते, तेवढा वेळ कसातरी काढायचा. रंभा तेव्हा रागात होती, तिने ऐकलंच नव्हतं. आता ऐकलं.

पुढच्या मंगळवारी ती शिव्या खायच्या तयारीने गेली. दिनेशने फक्त विचारलं, "किती दिवस जमलं?"

"अडीच."

"मंग आता पुन्हा सुरू करा. या वेळी ठमाबाईले आधी सांगून ठेवा, की मागितली तरी द्याची नाई."

लोकेशने ठेल्याचा रस्ता सोडला आणि शाळेतून बांधीवरून यायला लागला. लांब पडायचा. तलफ आली की बडीशेप चावायचा, पाणी प्यायचा, नाहीतर घरात येरझाऱ्या घालून रंभाचं डोकं खायचा. गावच्या मंडईच्या जत्रेत मित्रांमध्ये त्याने पुन्हा खाल्ला. पण या वेळी पन्नी खिशात सापडायची वाट न पाहता त्याने घरी येऊन स्वतः सांगितलं. रंभाचा हात उचललेलाच होता. तो तिने कपाळाला लावला. "जेव," ती म्हणाली. "उद्यापासून पुन्हा."

नस सुटायला रंभाला आणखी दोन महिने लागले. मधे दोनदा घसरली. लोकेशच्या तोंडात आता अडीच बोटं जातात. पहिल्यासारखं तोंड उघडेलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. मंडईनंतर त्याने खर्रा खाल्लेला नाही. रंभा अजूनही त्याचे खिसे तपासते, आणि तो अजूनही त्यावरून भांडतो.

गेल्या मंगळवारी दवाखान्यात जाताना त्याने वर्गातल्या हेमराजलाही सोबत घेतलं. जीप लवकर, म्हणून रंभाला पहाटेच तिघांच्या भाकरी टाकाव्या लागल्या. हेमराज वाटभर सांगत होता की त्याचं काही व्यसन नाही, तो फक्त जेवल्यावर खातो. रंभाने खिडकीबाहेर पाहिलं आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत हसू दाबून ठेवलं.